‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ : एका दुर्लक्षित भयपटाचे प्रेक्षक

१९६२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आणि लगेचच विस्मरणात गेलेल्या ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ या कृष्णधवल भयपटाविषयी गेली साठ वर्षे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका गटाच्या मते हा हौशी मंडळींनी तुटपुंज्या पैशात उरकलेला, अभिनयाच्या नावाने बोंब असलेला आणि भीतीपेक्षा जांभया अधिक आणणारा चित्रपट आहे. दुसऱ्या गटाच्या मते तो अमेरिकी भयपटाच्या इतिहासातील एक विलक्षण, स्वप्नासारखा आणि एकदा पाहिल्यावर मनातून न जाणारा अनुभव आहे. मतभेद कोणत्याही कलाकृतीविषयी असतात, त्यात नवल नाही. नवल आहे ते याचे की हे दोन्ही गट पुराव्यादाखल बहुतेक वेळा त्याच गोष्टींकडे बोट दाखवतात : नायिकेचा थंडपणा, ओठांशी न जुळणारे संवाद, मध्येच पडणारी शांतता, कथेचे ढिले सांधे. एकाच गोष्टीला एकाने दोष म्हणावे आणि दुसऱ्याने गुण, असे का घडते हे समजून घ्यायचे तर चित्रपटाची कथा, त्याचा जन्म आणि त्याचा पुढचा प्रवास या तिन्हींकडे पाहावे लागते. कथेचा शेवट सांगितल्याशिवाय ही चर्चा करता येत नाही, त्यामुळे तो येथे लपवलेला नाही.

कॅन्सस राज्यात दोन तरुण आपली मोटार तीन तरुणींच्या मोटारीला शर्यतीसाठी डिवचतात, अरुंद पुलावर धक्का लागून तरुणींची मोटार कठडा तोडून नदीत कोसळते, आणि गढूळ पाण्यात तिचा शोध चालू असतानाच, कोणी वाचले असेल ही आशा सुटल्यावर, मेरी हेन्री ही त्यांतील एक तरुणी चिखलाने माखलेल्या अवस्थेत वाळूच्या पट्ट्यावर चालत येताना दिसते. आपण कशा वाचलो हे तिला आठवत नाही. ती व्यवसायाने ऑर्गनवादक आहे. येथे ऑर्गन म्हणजे मराठी संगीत नाटकांच्या साथीला असणारी पायपेटी नव्हे, तर शेकडो लहानमोठ्या नळ्यांतून हवा खेळवून वाजणारे, चर्चच्या भिंतीएवढे अवाढव्य वाद्य. युटा राज्यातील एका चर्चमध्ये नोकरी मिळाल्यामुळे ती एकटीच मोटार हाकत निघते. रात्रीच्या रस्त्यावर मोटारीच्या रेडिओवर ऑर्गनच्या सुरांखेरीज काहीच लागत नाही आणि खिडकीच्या काचेत तिला एका पांढऱ्याफटक, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेल्या पुरुषाचा चेहरा दिसतो. वाटेत सरोवराच्या काठी एक ओसाड, घुमटांची प्रचंड इमारत दिसते आणि तिची ओढ मेरीला लागते ती कायमची. नव्या गावात ती भाड्याच्या खोलीत राहते, शेजारच्या खोलीतला जॉन लिंडन तिच्या मागे लागतो, चर्चचा धर्मोपदेशक तिला आपल्या मंडळींत मिसळायला सांगतो, आणि तो पांढरा माणूस अधूनमधून दिसत राहतो. दोनदा तर असे होते की अचानक जगातला सगळा आवाज नाहीसा होतो आणि दुकानातल्या, रस्त्यावरच्या माणसांना मेरी दिसेनाशी, ऐकू येईनाशी होते. अखेरीस ती त्या ओसाड इमारतीत जाते, तेथे प्रेतांसारखी जोडपी नाचत असतात, त्या पांढऱ्या माणसाच्या बाहूंत नाचणारी स्वतःचीच प्रतिमा तिला दिसते, प्रेते तिचा पाठलाग करतात आणि ती वाळूवर कोसळते. दुसऱ्या दिवशी पोलिसांना वाळूत तिची पावले सापडतात. ती मध्येच संपलेली असतात. तिकडे कॅन्ससमध्ये नदीतून मोटार वर काढली जाते आणि तिच्यात तिन्ही तरुणींचे मृतदेह असतात, मेरीचाही.

या चित्रपटाला अतिवास्तव भयपट म्हटले जाते. अतिवास्तववाद ही १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये आकाराला आलेली कलाचळवळ. आंद्रे ब्रेतों यांनी १९२४ साली तिचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि जागेपणीच्या तर्काला बाजूला सारून स्वप्नाच्या तर्काने चालणाऱ्या कलेचा पुरस्कार केला. स्वप्नात घटना असंबद्ध असतात, परंतु स्वप्न पाहणाऱ्याला त्या तशा वाटत नाहीत. तो एका खोलीतून दार उघडून समुद्रावर पोचतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. चित्रपटसृष्टीत हा शब्द पुढे बराच सैल झाला आणि ज्या चित्रपटात कार्यकारणभाव पातळ होतो, जागा आणि काळ यांचा भरवसा उरत नाही, त्या सगळ्यांना तो लावला जाऊ लागला. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’चे दिग्दर्शक हर्क हार्वी यांना आपल्या चित्रपटाचे रूप इंगमार बर्गमनसारखे आणि भाव झां कोक्तोसारखा हवा होता असे सांगितले जाते. बर्गमन म्हणजे माणूस आणि मृत्यू यांना समोरासमोर बसवणारा स्वीडिश दिग्दर्शक, तर कोक्तो म्हणजे ‘ऑर्फे’ या १९५० सालच्या चित्रपटात आरशातून मृत्यूच्या प्रदेशात जाण्याची वाट दाखवणारा फ्रेंच कवी. (ब्रेतों आणि त्यांचे अनुयायी कोक्तोला आपल्या पंगतीला बसू देत नसत, हा भाग वेगळा.) कॅन्ससमधल्या एका नोकरदार माणसाने ही दोन नावे एका दमात घ्यावीत, यातच या चित्रपटाची महत्त्वाकांक्षा आणि तिच्यापुढील अडचण दोन्ही आली.

हार्वी हे लॉरेन्स या कॅन्ससमधील विद्यापीठाच्या गावात सेंट्रॉन या कंपनीत नोकरीला होते. ही कंपनी शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी अनुबोधपट तयार करीत असे. विद्यार्थ्यांनी शिस्तीत कसे वागावे, यंत्रावर काम करताना हात कसा वाचवावा, अशा विषयांवरचे हे छोटे चित्रपट अमेरिकेतील वर्गावर्गांतून आणि कारखान्यांतून दाखवले जात. हार्वी यांनी असे शेकडो अनुबोधपट दिग्दर्शित केले, पण कथापट एकच. कॅलिफोर्नियाहून मोटारीने घरी परतताना त्यांना युटातील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराच्या काठी साल्टेअर नावाची इमारत दिसली. १८९३ साली मॉर्मन चर्च आणि एक रेल्वे कंपनी यांनी मिळून हे विहारस्थळ उभारले होते. समुद्राच्या कित्येक पट खारट असलेल्या त्या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो, याचे कुतूहल मोठे असल्याने लोक आगगाडीने येत, पोहत आणि रात्री भव्य नृत्यगृहात नाचत. १९२५ साली मूळ इमारत जळाली, दुसरी बांधली गेली, पण मोटारींचा काळ आला, सरोवराचे पाणी मागे हटत गेले, गर्दी ओसरली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती इमारत कोरड्या पडलेल्या किनाऱ्यावर बंद होऊन पडली. हार्वी यांनी सेंट्रॉनमधील आपले सहकारी लेखक जॉन क्लिफर्ड यांना कथा लिहायला सांगितली, आणि अट घातली ती एवढीच की शेवटी त्या नृत्यगृहात प्रेते नाचली पाहिजेत. याचा अर्थ असा की चित्रपटाचा जन्म कथेतून झालेला नाही. आधी एक जागा आणि एक प्रतिमा होती, आणि कथा त्या प्रतिमेपर्यंत पोचण्यासाठी नंतर रचली गेली. कथेचे सांधे ढिले आहेत ही तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच खोटे नाही. स्वप्नातही प्रतिमा आधी येते आणि कारण मागाहून शोधले जाते, हे दुसऱ्या पक्षाचे उत्तरही तितकेच खरे आहे.

१९६१ साली सेंट्रॉनमधून सुमारे तीन आठवड्यांची रजा काढून हार्वी यांनी चित्रीकरण उरकले. एकूण खर्च सुमारे ३३ हजार डॉलर झाला. तुलनेसाठी सांगायचे तर १९६० साली आलेला आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ हा काटकसरीने केलेला चित्रपट म्हणून गाजला आणि त्याला सुमारे आठ लाख डॉलर लागले होते. काही रक्कम लॉरेन्समधील व्यावसायिकांकडून उभी राहिली, काही देणी पुढे उत्पन्नातून भागवायची ठरली. मोटार पुलावरून नदीत पाडण्याचे दृश्य लेकॉम्प्टन गावाजवळ कॅन्सस नदीवर चित्रित झाले, आणि कारखान्यात मेरी ऑर्गन वाजवते ते दृश्य लॉरेन्समधील रॉइटर या खऱ्याखुऱ्या ऑर्गन कारखान्यातले आहे. मेरीच्या भूमिकेसाठी न्यूयॉर्कहून कँडेस हिलिगॉस या अभिनेत्रीला बोलावण्यात आले. ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे, म्हणजे पात्राच्या भावना स्वतःच्या अनुभवातून जागवाव्यात असे शिकवणाऱ्या प्रसिद्ध गुरूंकडे, तिने अभिनयाचे धडे घेतले होते. लिंडनची भूमिका करणारे सिडनी बर्गर पुढे ह्यूस्टन विद्यापीठात नाट्यविभागाचे प्रमुख झाले. उरलेली माणसे बहुतांशी गावातलीच होती, आणि पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस खुद्द हार्वी यांनीच रंगवला. छायाचित्रकार मॉरिस प्रेदर आणि इराणमधून आलेले सहायक दिग्दर्शक रेझा बदीई हेही अनुबोधपटांच्या मुशीतलेच. या तालमीचा परिणाम चित्रपटावर उघड दिसतो. अनुबोधपटाचा कॅमेरा वस्तूंकडे सरळ, स्वच्छ, कोणताही अभिनिवेश न बाळगता पाहतो. येथे तो त्याच डोळ्याने दुकान, बसस्थानक, गॅरेज आणि प्रेत यांच्याकडे पाहतो, त्यामुळे प्रेत हे बसस्थानकाइतकेच साधे आणि खरे वाटू लागते. मोठ्या स्टुडिओतल्या कसबी माणसांना हे बहुधा साधले नसते, कारण त्यांनी प्रेतासाठी वेगळी प्रकाशयोजना केली असती.

चित्रपट दुर्लक्षित राहिला त्याची कारणे कलेत कमी आणि व्यवहारात जास्त आहेत. हर्ट्स-लायन या छोट्या वितरण कंपनीने तो घेतला, ८४ मिनिटांची लांबी ७८ मिनिटांच्या आसपास आणली आणि ‘द डेव्हिल्स मेसेंजर’ या दुसऱ्या सामान्य भयपटाच्या जोडीला लावून तो ड्राइव्ह-इन चित्रपटगृहांतून फिरवला. ड्राइव्ह-इन म्हणजे उघड्या मैदानात मोटारीत बसूनच चित्रपट पाहण्याची व्यवस्था. तेथे येणारा तरुण प्रेक्षक पडद्याकडे किती लक्ष देत असे याविषयी न बोललेले बरे. शांतता हेच ज्याचे मुख्य शस्त्र आहे असा चित्रपट मोटारीच्या खिडकीला अडकवलेल्या भोंग्यातून ऐकायचा, ही कल्पनाच करुण आहे. कंपनी लवकरच बुडाली आणि निर्मात्यांच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. त्यातच वितरित झालेल्या प्रतींवर स्वामित्वहक्काची सूचना छापलेली नव्हती. अमेरिकेतील १९०९ च्या कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर अशी सूचना नसेल तर कृतीवरचा हक्कच गमावला जात असे आणि ती सार्वजनिक मालकीची होत असे. म्हणजे ती कोणीही, कोणालाही पैसे न देता, दाखवू आणि विकू शके. सहा वर्षांनी जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाचेही असेच झाले. वितरकाने ऐन वेळी त्याचे नाव बदलले आणि नव्या शीर्षकपट्टीवर सूचना घालायची राहून गेली.

या नुकसानातूनच चित्रपटाला खरा प्रेक्षक मिळाला. स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांना मध्यरात्रीनंतरची वेळ भरून काढायला फुकटचे चित्रपट हवे असत, आणि १९६० ते १९८० च्या दशकांत ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ त्या वेळांत पुन्हा पुन्हा दाखवला गेला. झोप न येणारा एखादा मुलगा किंवा रात्रपाळीवरून आलेला एखादा कामगार दूरचित्रवाणी लावी, चित्रपट अर्ध्यावर आलेला असे, नाव माहीत नसे, प्रतीची प्रत काढून चित्र करडे आणि धुरकट झालेले असे, आणि पडद्यावर एक बाई अशा शहरातून चालत असे की जिथे तिची हाक कोणालाच ऐकू येत नाही. भयपटाच्या रसिकांत या चित्रपटाविषयी एक आठवण इतक्या वेळा सांगितली जाते की ती एक ठरीव कहाणीच बनली आहे : लहानपणी रात्री काहीतरी पाहिले, ते काय होते ते वर्षानुवर्षे कळले नाही, स्वप्नच असावे असे वाटू लागले आणि मोठेपणी एक दिवस अचानक तोच चित्रपट समोर आला. यातील भाबडेपणा वजा केला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. जो प्रेक्षक हा चित्रपट तिकीट काढून, जाहिरात वाचून, काहीतरी थरारक मिळेल या अपेक्षेने पाहायला बसतो, त्याची निराशा होण्याची शक्यता बरीच; आणि ज्याच्यापुढे तो अवचित येतो, त्याच्यावर तो खोल परिणाम करतो. १९८९ साली चित्रपटगृहांतून तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी त्याची गंभीर दखल घेतली, रॉजर इबर्ट यांच्यासारख्या लोकप्रिय समीक्षकाने त्यावर लिहिले, आणि २००० साली क्रायटेरियन या अभिजात चित्रपट काळजीपूर्वक जपणाऱ्या कंपनीने त्याच्या छोट्या आणि मोठ्या दोन्ही आवृत्त्या डीव्हीडीवर आणल्या. पुढे आलेली पुनरुज्जीवित प्रत इतकी लखलखीत आहे की जुन्या प्रेक्षकांपैकी काहींना ती अडचणीची वाटते. मेकअपचे थर आता स्पष्ट दिसतात आणि पूर्वीचे धुके गेले. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण त्यांनी अनुभवलेली भीती खरोखरच काही अंशी खराब प्रतीची देणगी होती.

आता मूळ मतभेदाकडे वळता येईल. सर्वांत सर्रास आक्षेप अभिनयावर असतो. हिलिगॉस चेहऱ्यावर काही दाखवतच नाही, तिचे डोळे विस्फारलेले असतात, समोरचा बोलत असताना ती दुसरीकडेच असल्यासारखी वाटते. पण मेरी दुसरीकडेच आहे, हाच तर कथेचा गाभा. ज्या प्रेक्षकाला शेवट माहीत नाही त्याला हा थंडपणा उणीव वाटतो, आणि दुसऱ्यांदा पाहताना तोच अर्थपूर्ण होतो. या युक्तिवादाचा उपयोग मात्र जपून करायला हवा, कारण त्याच्या आधारे कोणताही वाईट अभिनय निर्दोष ठरवता येईल. धर्मोपदेशक किंवा डॉक्टर यांचे काम करणारी मंडळी जेव्हा पाठ केलेले बोलतात तेव्हा ती केवळ पाठ केलेलेच बोलतात. त्यामागे गहन हेतू शोधण्यात अर्थ नाही. हिलिगॉस आणि बर्गर यांची गोष्ट वेगळी आहे. लिंडन हा ओशट, लाघवी, सकाळीच कॉफीत दारू ओतणारा, दाराच्या फटीतून डोकावणारा तरुण बर्गर यांनी इतका जिवंत केला आहे की तो पडद्यावर येताच चित्रपटाचे तापमान वाढते, आणि त्याच्या शेजारी मेरीचे गारठलेपण अधिकच जाणवते. या दोघांच्या दृश्यांना भुताखेतांची गरजच नाही.

ध्वनीविषयी बोलायचे तर हाच चित्रपटाचा सर्वांत समृद्ध भाग आहे, आणि येथे गरिबीचा मोठा वाटा आहे. अनेक ठिकाणी संवाद नंतर ध्वनिमुद्रित करून जोडले आहेत, आणि ते ओठांच्या हालचालींपासून किंचित सुटलेले राहतात. जीन मूर यांचे ऑर्गनचे पार्श्वसंगीत जवळपास सर्वत्र आहे. नायिका स्वतः ऑर्गनवादक असल्यामुळे ऐकू येणारा सूर तिच्या बोटांतून येतो आहे, रेडिओतून येतो आहे की केवळ प्रेक्षकासाठी वाजतो आहे, हे पुष्कळदा ठरवता येत नाही, आणि ही अनिश्चिती मुद्दाम राखलेली आहे. मग कपड्यांच्या दुकानातले ते दृश्य येते. मेरी नवा पोशाख घालून पाहायला आतल्या खोलीत जाते, चित्र पाण्यावर तरंग उठावेत तसे हलते, आणि ती बाहेर येते तेव्हा आवाज गेलेला असतो. विक्रेती तिच्याकडे पाहत नाही. रस्त्यावर खोदकामाचे यंत्र थरथरत असते, पण त्याचा आवाज नाही. ऐकू येतात ती फक्त मेरीची पावले. बागेत एका पक्ष्याचा स्वर कानी येतो आणि त्यासोबत सगळे जग परत येते. या दृश्यासाठी काय लागले? ध्वनिपट्टीवरून आवाज काढून टाकणे आणि लोकांना तिच्याकडे पाहू नका म्हणून सांगणे. चित्रपटाची निंदा करणारे प्रेक्षकही या पाचेक मिनिटांना सहसा हात लावत नाहीत. उलट पाठलाग करणाऱ्या प्रेतांचे पीठ फासल्यासारखे चेहरे पाहून आजचा प्रेक्षक हसतो, आणि त्याला दोष देता येत नाही. ती दिसण्यापेक्षा ती दिसतील ही शक्यताच या चित्रपटात जास्त काम करते.

शेवटाविषयीचा वाद वेगळ्या जातीचा आहे. नायिका सुरुवातीपासून मेलेलीच होती हे आजच्या प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळते, आणि मग उरलेला वेळ तो आपला तर्क बरोबर ठरण्याची वाट पाहतो. एम. नाइट श्यामलन यांच्या ‘द सिक्स्थ सेन्स’ने १९९९ साली ही युक्ती घरोघर पोचवल्यावर तर असा प्रेक्षक वाढलाच. वास्तविक ही कल्पना १९६२ सालीही नवी नव्हती. ‘द ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या १९६० सालच्या ‘द हिच-हायकर’ या भागात एकटीने देश ओलांडणाऱ्या मोटारचालक स्त्रीला रस्त्याकडेला तोच तोच माणूस दिसत राहतो आणि आपण अपघातात केव्हाच मेलो आहोत हे तिला शेवटी कळते. तो भागही लुसिल फ्लेचर यांच्या १९४१ सालच्या नभोनाट्यावर आधारलेला होता. त्याहीमागे अँब्रोज बिअर्स यांची १८९० सालची, फाशी जाणाऱ्या माणसाला क्षणभरात सुटकेचा सगळा प्रवास घडवणारी कथा आहे. तेव्हा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ला कोडे मानून त्याचे उत्तर सोपे आहे अशी तक्रार करणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे होय. क्लिफर्ड यांनी उत्तर फार दडवलेलेही नाही. नदीतून वर आलेली बाई काहीच कसे आठवत नाही म्हणते, हे पुरेसे सूचक आहे. महत्त्व उत्तराला नसून मधल्या अवस्थेला आहे : मेलेली असूनही नोकरी करणारी, खोली भाड्याने घेणारी, आंघोळ करणारी, मोटारीचा बिघाड दुरुस्त करायला गॅरेजमध्ये जाणारी स्त्री. मराठी वाचकाला अतृप्त आत्म्याची कल्पना परिचित आहे, परंतु तेथे आत्म्याची काही इच्छा राहिलेली असते. मेरीची कोणतीच इच्छा राहिलेली नाही, आणि हेच तिच्याबाबत अस्वस्थ करते.

येथूनच अलीकडच्या प्रेक्षकांचे, विशेषतः स्त्री-अभ्यासकांचे, एक वाचन पुढे येते, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. मेरीला चर्चमधली नोकरी ही निव्वळ नोकरी वाटते, श्रद्धा नव्हे; तिला माणसांच्या सहवासाची गरज वाटत नाही; पुरुषाच्या स्पर्शाची ओढ नाही. आणि चित्रपटातील प्रत्येक जिवंत माणूस तिला याबद्दल काही ना काही ऐकवतो. ऑर्गन कारखान्यातला माणूस तिला वादनात थोडा आत्मा ओतायला सांगतो, धर्मोपदेशकाला तिचे एकलकोंडेपण खटकते आणि तंद्रीत तिच्या बोटांतून अपवित्र सूर निघाले म्हणून तो तिला राजीनामा द्यायला लावतो, वाटेत भेटलेला डॉक्टर तिच्या मनाचे विश्लेषण करू लागतो, लिंडन तर तिच्या नकाराला नकार मानायलाच तयार नसतो. तिने चारचौघींसारखे असावे हा सर्वांचा आग्रह. या वाचनाप्रमाणे पांढरा माणूस हा तिचा पाठलाग करणाऱ्यांपैकी केवळ एक आहे, आणि कदाचित सर्वांत सभ्य. तो निदान बोलत तरी नाही. हार्वी आणि क्लिफर्ड यांच्या मनात १९६१ साली असे काही होते असे मानण्याचे कारण नाही. शिवाय चित्रपट मेरीच्या बाजूने आहे की तिला शिक्षा करतो आहे, हेही स्पष्ट नाही. भीती वाटू लागल्यावर ती लिंडनलाच थांबण्याची विनवणी करते, आणि एकटे राहू पाहणाऱ्या बाईचा शेवट असाच होतो असाही अर्थ कोणी काढू शकेल. तरीही हे वाचन चित्रपटातील सर्वांत चांगल्या दृश्यांना, म्हणजे लिंडनच्या दृश्यांना, पहिल्यांदाच मध्यभागी आणते. केवळ भुतांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेक्षकांना ती दृश्ये रेंगाळलेली वाटत आली होती.

चित्रपटाचा प्रभाव कुठवर गेला याबद्दल रसिकांच्या दाव्यांना सुमार नाही. रोमेरो यांच्या चालत्या प्रेतांशी त्याचे नाते सर्वमान्य आहे. बाकीचे दावे प्रत्येक वेळी सिद्ध करता येतीलच असे नाही. दोन चित्रपटांचा मात्र उल्लेख करायला हवा. १९९८ साली वेस क्रेव्हन यांच्या नावाखाली याच शीर्षकाचा नवा चित्रपट निघाला, त्यात नायिकेला आईच्या खुनाचा भूतकाळ देण्यात आला, खुनी विदूषक देण्यात आला, तिच्या भीतीला कारण देण्यात आले. प्रेक्षकांनी तो नाकारला, आणि मूळ चित्रपटाचे टीकाकारही त्याच्या बाजूला गेले नाहीत. दुसरा चित्रपट जर्मन दिग्दर्शक क्रिस्तियान पेट्झोल्ड यांचा ‘येला’. २००७ साली आलेल्या या चित्रपटात पूर्व जर्मनीतील बेकारीने ग्रासलेल्या गावातली तरुणी नोकरीसाठी पश्चिमेकडे निघते, तिच्या नवऱ्यासह मोटार पुलावरून एल्बे नदीत कोसळते, ती भिजलेल्या कपड्यांनी वर येते आणि हानोफरला जाऊन कंपन्यांना भांडवल पुरवणाऱ्यांच्या थंड, काचेच्या खोल्यांतील जगात वावरू लागते. मधूनच पाण्याचा, वाऱ्याचा, पक्ष्याचा आवाज तिच्या कानांत शिरतो आणि समोरच्यांचे बोलणे दूर जाते. पीठ फासलेले चेहरे नाहीत, ओसाड घुमटही नाहीत. भूमिकेसाठी नीना होस यांना बर्लिनच्या महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचे रौप्य अस्वल मिळाले. त्यांचा अभिनय हिलिगॉसइतकाच आवरलेला आहे, पण त्याला हौशी म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही. ज्यांनी ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ पाहिलेला नव्हता त्यांच्यासाठी ‘येला’ बराच वेळ आर्थिक व्यवहारांतील फसवणुकीची कथा राहते. ज्यांनी तो पाहिला होता त्यांना पुलाच्या दृश्यातच शेवट कळून चुकतो, आणि त्यांना नव्वद मिनिटे पाहायचे उरते ते इतकेच की ही बाई वाटाघाटीच्या टेबलावर किती सफाईने बसते आहे.